बेचाळिसावं नाव

डेल्मर कॉझबी त्या रात्री गिरणीत गेला तो एक फळी आणायला. एवढंच काम होतं. त्याच्याबरोबर मी तेवीस वर्षं एका साचेखात्यात काढली, म्हणून सांगतो, रात्री-अपरात्री उगाच कुठे तडमडणारा माणूस नव्हता तो. तुम्ही पोरं इथे पायऱ्यांवर बसलात, बसा. पण मधे बोलू नका. यातलं बरंचसं मला त्याने स्वतः सांगितलं, आणि शेवटचं मी या डोळ्यांनी पाहिलंय.

तारीख नऊ नोव्हेंबर, दोन हजार तेवीस. गुरुवार. शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये आम्हा जुन्या गिरणीवाल्यांचा मेळावा होता, आणि सोमवारी गिरणीची उरलेली इमारत पाडणार होते. सूतखातं, रंगखातं आधीच गेलं होतं. विटा विकल्या, मेपलच्या फळ्या विकल्या. नदीकाठी एकटं आमचं साचेखातं उभं होतं. साचे, म्हणजे कापड विणायचे माग, ते तर कधीच परदेशी गेले. मागे राहिली जमीन, तेलाचे डाग आणि बोल्टांची भोकं.

झेटीमावशीने डेल्मरला औषधाच्या दुकानात गाठलं. तो तिथे घरोघर औषधं पोचवायचं काम करायचा. मावशी तेव्हा अठ्ठ्याऐंशीची. दुसऱ्या पाळीत तिने चाळीस वर्षं विणलं.

"डेल्मर, दाराजवळची हजेरीची फळी अजून तिथेच आहे म्हणे."

"असेल, मावशी."

"असेल काय? जा आणि घेऊन ये. शनिवारी तू तुझं गाणं म्हणशील, तेव्हा ती मला मागे टांगलेली हवी. सगळ्यांची नावं आहेत तिच्यावर. *सगळ्यांची*." शेवटचा शब्द तिने दोनदा म्हटला आणि त्याच्याकडे बघत राहिली.

आता ते गाणं. ते तुम्हाला येतंच. या खोऱ्यात ज्याच्या हातात बँजो आला त्याला ते येतं.

भोंगा निजला, साचा निजला, निजली सारी आळी,
हजेरी घ्या रे, हजेरी घ्या, सुटली दुसरी पाळी.
पहिल्या रांगेत आयव्ही लेल, केसांत पिंजली रुई,
शेजारी तिच्या क्लाइड मल, ज्याला कसली नाही घाई…

गिरणी बंद झाली त्या हिवाळ्यात डेल्मरने ते रचलं. कामं गेली, घरं गेली, बॉबिन स्ट्रीटवरचे अर्धे लोक शार्लटला गेले, कोणी टेक्ससला. पण कुठेही दोन गिरणीवाले भेटले की हे गाणं म्हणायचे, आणि आपलं नाव आलं की हात वर करायचे. दुसऱ्या पाळीतली एकेचाळीस नावं आहेत त्यात. माझं तिसऱ्या रांगेत.

पाळीत माणसं बेचाळीस होती.

राहिली ती रिला सेट्झर. चौथी रांग, खिडकीकडचे साचे. चव्वेचाळिशीची, एकटी राहायची, आई गेल्यापासून. मोटार नव्हती तिच्याकडे. मावशीने डेल्मरला एकदा विचारलंही होतं, "एवढी नावं बसवलीस, तिचंच कसं नाही बसलं रे?"

"यमक जुळत नाही, मावशी."

"सेट्झरला जुळत नाही, आणि कॉझबीला जुळतं होय?"

खरं कारण त्याने बावीस वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोला, व्हर्नालाही नाही.

साचे चालू असले की कानाशी बंदूक उडवली तरी कळायचं नाही. सगळं बोलणं ओठांनी. मी त्या टोकाला, तुम्ही या टोकाला, आणि जेवणात घेवडा आहे की बटाटा हे ओठांवरून वाचायचं. बायका त्यात फार तरबेज. आम्ही फिटर लोक घाईत असायचो. नाही समजलं तर मान हलवायची, हो म्हणून, आणि पुढे जायचं. मीही हलवलेली आहे. शेकडो वेळा.

शेवटची पाळी, चौदा डिसेंबर दोन हजार एक, शुक्रवार. साडेदहाच्या सुमारास डेल्मर पाना घेऊन चौथ्या रांगेतून चालला होता. रिला साच्याआडून पुढे झाली, त्याच्या बाहीला हात लावला आणि काहीतरी म्हणाली. त्याला समजलं नाही. त्याने मान हलवली. रिला हसली. बस, एवढंच.

अकराला शेवटचा भोंगा झाला. आम्ही चौघं मागच्या दाराने निघालो आणि नदीकाठी जाऊन बिअर पीत बसलो. डेल्मर होता, मी होतो. पुढच्या फाटकावरचा पहारेकरी नंतर सांगत होता, रिला सेट्झर पाऊण वाजेपर्यंत तिथे उभी होती. कोणाची तरी वाट बघत. मग चालत गेली. पुढेही महिनाभर ती रोज रात्री अकराला त्या बंद फाटकाशी येऊन उभी राहायची. जानेवारीत बंधाऱ्याच्या खाली सापडली. पाय घसरला असं लिहून ठेवलं.

तर ती फळी.

डेल्मर नवाला दहा कमी असताना फाटकाशी पोचला. चंद्र नव्हता. पिकअप फाटकाजवळच लावली, कंत्राटदाराने दिलेल्या किल्लीने कुलूप काढलं, हातात बॅटरी घेतली. फळी दाराशी नव्हती. कोणीतरी काढून पार आत टेकवून ठेवली होती, चौथ्या रांगेच्या टोकाला, खिडकीखाली.

तो चालत गेला. पोकळ जागा, पावलांचा आवाज छताला लागून परत यायचा. सोबतीला म्हणून त्याने गाणं गुणगुणायला घेतलं. आपलंच गाणं. भोंगा निजला, साचा निजला… चाल साच्याच्या ठेक्यावरच बांधलेली, त्यामुळे पाय आपोआप ठेक्यात पडायला लागले.

पहिली रांग झाली. दुसरी. तिसऱ्या रांगेत माझं नाव घेतलं त्याने, असं म्हणाला.

आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपल्याला आपला आवाज ऐकू येत नाहीये.

तो थांबला. परत म्हणून पाहिलं. घशात थरथर होती, तोंड हलत होतं. आवाज नव्हता. त्याने टाळी वाजवली. हात झोंबले. आवाज नाही. पायाने जमिनीवर दणकन मारलं.

काही नाही.

पण जमीन हलत होती. बुटांच्या तळव्यातून वर येत होतं ते. धड, धड, धड, धड… दोनशे साचे एकदम चालू असले की हाडांत जसं शिरतं, तसं.

त्याने बॅटरी वर केली. प्रकाशात रुई उडत होती. पांढरी, बारीक. बर्फासारखी.

रांगेच्या टोकाला कोणीतरी उभं होतं.

एप्रन. एक हात पुढे, साच्यावर ठेवावा तसा. तिथे साचा नव्हता. तोंड डेल्मरकडे.

ओठ हलत होते.

डेल्मरला पळता आलं असतं. तो मला म्हणाला, "पळायचंच होतं रे. पण ती बोलत होती ना. एकदा मी तिचं न ऐकता निघून गेलो होतो." त्याने डोळे बारीक केले आणि वाचायला लागला.

आयव्ही लेल… क्लाइड मल…

त्याचंच गाणं होतं. ती हजेरी घेत होती. एकेक नाव, न चुकता, त्याने रचलं त्याच क्रमाने. पहिली रांग. दुसरी. तिसरी. चौथी. एकेचाळीस नावं म्हणून झाली.

ती थांबली.

त्याच्याकडे बघत राहिली.

त्याने बॅटरी तशीच धरून ठेवली.

मग ती एक पाऊल पुढे आली. आणखी एक. वाचणाऱ्याला ओठ नीट दिसावेत म्हणून आम्ही जवळ जायचो ना, तशी. चेहऱ्यावर उजेड पडला. चेहरा ओला होता. ओठ सावकाश हलले. अगदी सावकाश, लहान मुलाला सांगावं तसे.

या वेळी त्याला समजलं.

*फाटकापाशी थांब. मी तुझ्या गाडीतून घरी येते.*

बावीस वर्षांपूर्वीही हेच होतं. याला त्याने मान हलवली होती.

डेल्मर पळाला. फळी कशी उचलली, बॅटरी कुठे पडली, त्याला आठवत नाही. दारातून बाहेर पडला आणि एकदम नदीचा आवाज कानावर आदळला. फळी मागे टाकली, गाडीत बसला, दार ओढलं, किल्ली फिरवली.

टिंग… टिंग… टिंग…

तुम्हाला माहीत आहे तो आवाज. शेजारच्या सीटवर माणूस बसला आणि पट्टा लावला नाही की गाडी वाजते. औषधांचं जड खोकं ठेवलं तरी वाजते.

सीटवर काही नव्हतं.

टिंग… टिंग…

त्याने मान वळवली नाही. समोर बघत राहिला. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

टिंग…

खट्.

आवाज बंद झाला.

पट्टा लागला होता.

फाटकापासून बॉबिन स्ट्रीट दीड मैल. तो ताशी पंधराने गेला. आत गिरणीचा वास होता, तेल, गरम सूत, घाम. रडत होतो असं तो म्हणाला. रिलाच्या एकतीस नंबरशी त्याने गाडी थांबवली आणि दिवे त्या बाजूला वळवले.

घर नव्हतं. ती सगळी रांग दोन हजार दहालाच पाडली. सिमेंटच्या चार पायऱ्या तेवढ्या उरल्यात. चार पायऱ्या, आणि वर गवत.

तो उतरला. वळसा घालून पलीकडे गेला. दार उघडलं.

"रिला," तो म्हणाला. "घर आलं."

कुत्रं नाही, वारा नाही.

"रिला…"

तो थंडीत दार धरून उभा राहिला. पाच मिनिटं. दहा मिनिटं. पट्टा रिकाम्या सीटवर ताणलेला, छातीच्या उंचीवर फुगलेला. कोणी उतरलं नाही. उतरून जाणार कुठे?

शेवटी त्याने दार लावलं. हळूच लावलं. आणि आपल्या घरी गेला.

व्हर्ना जागी होती. "एक फळी आणायला तीन तास? आणि हे काय, तुझ्या केसांत काय आहे?"

"धूळ," तो म्हणाला. मग खुर्चीत बसला आणि पहिल्यांदा तिला सगळं सांगून टाकलं. मान हलवल्याचंही. व्हर्नाने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, "तिचं नाव घाल, डेल्मर. आधी नाव घाल."

शुक्रवारी त्याने कडवं रचलं. शनिवारी हॉलमध्ये फळी टांगली होती, तिच्याखाली तो उभा राहिला. आम्ही नव्वदएक जण असू. गाण्याआधीच त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, ती कोणासाठी थांबली होती ते. मग तो म्हणाला,

चौथ्या रांगेत रिला सेट्झर, बोलली ओठांनी काही,
मान हलवून गेलो मी, अन् ऐकलं मात्र नाही.

नाव आलं. हात वर करायला कोणी नव्हतं. तेव्हा झेटीमावशीने आपला हात वर केला, तिच्या वतीने. मग आम्ही सगळ्यांनी केला.

डेल्मर बाहेर आला. पिकअपचा तो पट्टा दोन दिवस लागलेलाच होता, त्याने हात लावला नव्हता. आता तो सुटलेला होता. जागच्या जागी गुंडाळलेला. तो तिथेच गाडीला टेकून हसला, आणि मला मिठी मारली. म्हणाला, "उतरली रे. उतरली ती."

मलाही तसंच वाटलं. खोटं कशाला बोलू.

रविवारी पहाटे सहाला त्याचा फोन आला. "ये," म्हणाला. "आत्ता ये. ऊन पडायच्या आधी."

मी गेलो. कडक हिव पडलं होतं, दव गोठून. अंगण पांढरं, गाडी पांढरी. गाडीला कुलूप होतं, काचा वर होत्या. हिवावर पावलाचा ठसा नव्हता, मांजराचासुद्धा. डेल्मर आणि व्हर्ना पायरीवर उभे होते. गाडी नेहमीसारखीच लावलेली, शेजारच्या सीटची बाजू घराकडे, त्यांच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीकडे.

पट्टा सुटलेलाच होता. सीट रिकामी.

सगळ्या काचा हिवाने गच्च झाल्या होत्या. फक्त त्या एका काचेवर, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, बशीएवढा गोल वितळला होता. आतून. आणि त्या गोलावर, आतल्या बाजूने, वाफ होती.

आम्ही तिघं बघत होतो.

वाफ विरत होती. आणि परत धरत होती.