तिसऱ्या कपातला चहा

भैरवीची स्कूटर बंद पडली ती नेमकी केळापूरच्या अलीकडे. भर दुपारी, आणि तेही अशा ठिकाणी, जिथं हाक मारली तर ऐकायला फक्त सागाची झाडं! मोबाईलला रेंज नाही, कापूस वेचणाऱ्या बायासुद्धा सावलीला जेवायला गेलेल्या. "छान! अजून काय राहिलं?" असं ती म्हणतेय, तोच मागून एक मोटरसायकल आली.

लाल हेल्मेट. नंबर यवतमाळचाच, एमएच एकोणतीस. पण दोन्ही बाजूंच्या पेट्यांवर मेक्सिको, ग्वातेमाला, पेरू, बोलिव्हिया, अर्जेंटिना… नुसती स्टिकरांची गर्दी.

"काय झालं?" त्यानं हेल्मेट काढलं. डोळे हसरे, पण त्यांच्याखाली काळी वर्तुळं.

"रुसलीये."

"तुम्ही काही बोल्ले असान तिले."

भैरवीला हसू आलं. "हे सगळे देश फिरलात, की स्टिकर विकत घेतले?"

"चौदा महिने फिरलो. एकटाच."

"मग स्पॅनिश येत असेल?"

"चार वाक्यं. पेट्रोल कुठं भेटते, पाणी कुठं भेटते, झोपाले जागा हाय काय, अन्… तुमचे डोळे सुंदर आहेत."

"चौथं कधी कामी आलं?"

"अजून नाही. म्हणूनच पाठ हाय."

तिनं तेच वाक्य अस्खलित स्पॅनिशमध्ये म्हणून दाखवलं आणि गडी चाटच पडला! त्याला काय ठाऊक, ही पोरगी यवतमाळच्या घरात कानाला हेडफोन लावून दिवसभर स्पॅनिशचं भाषांतर करते म्हणून. ते देश तिनं फक्त कानांनी पाहिले होते. पाय काही पुण्यापलीकडे गेले नव्हते.

त्याचं नाव इंद्रजीत. मुकुटबनकडच्या एका तांड्यावरचा. मेकॅनिककडे सोडतो म्हणाला. उन्हात तापलेली सीट चटका देईल म्हणून भैरवी जपून टेकली… आणि दचकली. सीट बर्फासारखी गार होती.

"जरा पुढं सरकता का?"

"मी तर टाकीवरच बसलो हाय," तो हळूच म्हणाला.

तरीसुद्धा त्या दोघांच्या मधे काहीतरी होतं. ओल्या लोकरीचा वास येत होता. विदर्भात, भर दुपारी, ओली लोकर!

फाट्यावर रामधनकाकांच्या टपरीशी ते थांबले. काकांनी न विचारता चहा आणून ठेवला. तीन कप.

"दोघंच आहोत, काका."

"अन् त्या बाई?" काकांनी गाडीकडे पाहिलं. "आत्ता तर होत्या. टोपीवाल्या… दोन वेण्यावाल्या."

इंद्रजीतचा चेहरा उतरला. त्यानं तिसऱ्या चहाचे पैसे मुकाट्यानं दिले.

आता शहाणी मुलगी असती तर तिथूनच एसटी पकडून घरी गेली असती. भैरवी गेलीही. पण पुढच्या रविवारी त्याच टपरीवर परत आली, आणि त्याच्या पुढच्याही. कधी त्याला स्पॅनिश शिकवायच्या निमित्तानं, कधी स्कूटरच्या. मेकॅनिकनं ती कधीच दुरुस्त केली होती, पण हे तिनं त्याला सांगितलं नाही. तो बोलताना टेबलावर बोटानं रस्ते काढायचा, आणि तिची नजर रस्ता सोडून बोटावरच खिळायची. तिला तो आवडला होता. झालं, सांगून टाकलं एकदाचं!

पण दर वेळी कप तीनच यायचे. तिसऱ्यातला चहा कुणी प्यायचं नाही, तरी उठताना तो अर्धा झालेला असायचा.

चौथ्या रविवारी तिनं विचारलंच. "कोण आहे ती?"

त्यानं तिसऱ्या कपाकडे पाहिलं. मग म्हणाला, "आमच्या घराण्याची एक रीत हाय. आजे-पणजे बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर जात. तांड्याबाहेर गोट्यांचा ढीग हाय. लांब जाणाऱ्यानं त्यातला एक सोबत न्यायचा अन् आल्यावर आपल्या हातानं वापस ठेवायचा. म्हणजे माणूस घरी येतेच. मीबी नेलता."

"मग?"

"बोलिव्हियात एका उंच खिंडीत तसाच ढीग दिसला. तसाच, भैरवी! गारा पडून राह्यल्या होत्या, रस्त्यानं एक गाडी नव्हती, अन् मले एकदम घर दिसलं. वाटलं, आपलीच रीत. परतीचा रस्ता सुरू होते, म्हणून त्यातला एक उचलला." त्यानं खिशातून काळपट गोटा काढून टेबलावर ठेवला. "तेव्हापासून मागची सीट जड हाय. तांड्याच्या ढिगावर तीनदा ठेवला. तीनदा सकाळी गाडीच्या चाकापाशी येऊन पडलेला."

सहा महिन्यांत त्याचं वजन अकरा किलो उतरलं होतं. डॉक्टरांना काही सापडत नव्हतं. जिना चढताना तो म्हाताऱ्यासारखा थांबायचा.

"तिथं एक आजी होती. काहीतरी सांगत होती मले. हेल्मेटच्या कॅमेऱ्यात हाय ते. मले कळलं नाही. तू ऐकतं?"

भैरवीनं हेडफोन लावले. वारा… वारा… मग एक थकलेला आवाज. तिनं तेवढं मागं घेऊन पुन्हा ऐकलं.

"ती म्हणते, 'उचलू नको, पोरा. इथं लोक आपला शीण ठेवून जातात. ज्याचा गोटा नेशील, ते माणूस तुझ्या मागं येऊन बसेल. त्याचा शीण तू वाहशील, तो संपेल तेव्हा तूही संपशील.' आणि तू काय म्हणालास माहितीये?"

"काय?"

"थँक्यू! थँक्यू म्हणालास तिला, शहाण्या!"

दोघंही हसले, आणि हसता हसता भैरवीचे डोळे भरून आले. कारण व्हिडिओ तिथंच संपला नव्हता. गाडी सुरू झाल्यावर आजी पुन्हा बोलली होती, पण त्याच्याशी नाही. 'नीट धरून बसा, बाई. लांबचा रस्ता आहे.'

आता दुसरा उपाय नव्हता. गोटा जिथला तिथं ठेवायला हवा होता, आणि तो उचलणाऱ्याच्याच हातानं. विमानानं जायचं, तिकडे भाड्याची गाडी घ्यायची, आणि ते खंगलेलं शरीर घेऊन खिंड चढायची. राहिला तरी मरण, गेला तरी भरवसा नाही.

"मी येते," ती म्हणाली.

"मागं जागा कुठं हाय?" तो म्हणाला.

निघायच्या दिवशी ती तांड्यावर गेली. त्याची याडी, आई बसंतीबाई, तिला आपादमस्तक पाहून एवढंच म्हणाली, "हा जाते तेव्हा मी कधी रडत नाही, बाई. ढिगातला गोटा नेते ना सोबत. येतेच."

इंद्रजीतनं ढिगातला एक गोटा उचलला. मागच्या वेळी परतल्यावर त्यानंच ठेवलेला. आणि खिशात टाकायच्या ऐवजी भैरवीच्या ओंजळीत दिला.

"अरे, रीत मोडतोस काहून?" याडी ओरडलीच.

"मोडत नाही, याडी. ज्याच्यापाशी गोटा, माणूस त्याच्याकडे वापस येते. मले यावेळी…" तो अडखळला. "मले यावेळी इच्याकडे यायचं हाय."

भैरवीनं गोटा मुठीत आवळला. प्रेमाची कबुली कुणी फुलं देऊन देतं, हिला दगड मिळाला. पण हात कसा ऊबदार झाला, म्हणून सांगू!

दोन आठवडे त्याचे मेसेज येत राहिले. मग चार दिवस काहीच नाही. पाचव्या दिवशी दुपारी ती सरळ एसटीत बसली आणि रामधनकाकांच्या टपरीवर येऊन टेकली. एकटीच. पर्समध्ये गोटा.

काकांनी चहा आणला. दोन कप.

"काका… मी एकटीच आहे."

"अन् ते?" काकांनी समोरच्या खुर्चीकडे मान हलवली. "लाल हेल्मेटवाले. आले ना तुमच्या मागून."

भैरवीचा हात पर्सवर गेला. त्याचा गोटा तिच्याकडे होता. ज्याचा गोटा, ते माणूस… पण जिवंत माणूस का असा येऊन बसतो? त्या खुर्चीकडे बघायची हिंमत होईना.

आणि फोन वाजला. भलामोठा, अनोळखी नंबर.

"भैरवी?"

"इंद्रजीत! कुठं आहेस तू? जिवंत आहेस ना रे?"

"हाय, हाय! फोन बिघडलता. आत्ता उजाडलं इथं. ठेवला गोटा." तो धापा टाकत होता, पण आवाज हलका होता, पहिल्यांदाच. "ठेवला, अन् मागून कोणीतरी उतरलं. दबलेली गाडी वर आली, माहीत हाय? मागची सीट रिकामी झाली. तुझ्यासाठी."

ती रडत होती की हसत होती, तिचं तिलाही कळलं नाही.

"अन् ऐक," तो थांबून म्हणाला, "पिवळी ओढणी छान दिसते तुले."

भैरवीनं खाली पाहिलं. ओढणी पिवळीच होती. हा काही व्हिडिओ कॉल नव्हता.

"तुला… तुला कसं कळलं?"

"काय मालूम. मघापासून तू समोरच बसून हायेस असं वाटते. चहाचा वासबी येऊन राह्यला." मग अडखळत, चुकीच्या उच्चारात, त्यानं ते चौथं वाक्य स्पॅनिशमध्ये म्हटलं. ते शेवटी कामी आलं.

तिनं डोळे पुसले. भीती कुठल्या कुठं गेली होती. दुसरा कप तिनं समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे सरकवला.

"आधी चहा पी, गार होतोय. आणि लवकर ये… सगळाच्या सगळा ये."