जहाजाचं हँडल

दिनानाथला आणायला मी सकाळीच टांगा करून स्नेहलतागंजला गेलो. तो गिरणीत फिटर होता. चहा संपवून त्याने पान्यांची पिशवी उचलली.

"इंजिन कोणतं आहे, मास्तरजी?"

"जहाजाचं."

तो हसला. "होळकर गेले, मध्य भारत झाला, सगळं मान्य. पण इंदुरात समुद्र कधी आला, भिया?"

हा विनोद आमच्या घरी जुना होता. लढाईनंतर मुंबईच्या गोदीत लिलाव झाले, तेव्हा माझ्या मुलाने, संताजीने, एका लाँचचं डिझेल इंजिन आणलं. खजराण्याच्या पुढे आमची पेरूची बाग आहे. तिथल्या बावडीत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत, पाण्याच्या जरा वर, एक दगडी कट्टा आहे. त्यावर त्याने ते बसवलं आणि पंपाला जोडलं.

बाकीचं मी टांग्यात सांगितलं. मी महूला गेलो होतो त्या दिवशी संताजी एकटाच बागेत आला आणि घरी परतला नाही. चपला बावडीच्या पायरीवर सापडल्या. गळ टाकून झाले. पोहणारे उतरून आले. तळाला कपारी आहेत, तिथवर कोणाचा दम पुरला नाही. मोटेने उपसावं तर झऱ्यांना जोर फार. पाणी उतरवील ते इंजिनच, आणि ते आमच्यापैकी कोणाच्या हातून सुरू होत नव्हतं.

खजराण्याच्या गणपतीचा कळस दिसला तेव्हा दिनानाथने हात जोडले.

माझी पत्नी आनंदीबाई बावडीच्या काठावर बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"आधी पाणी काढा," ती म्हणाली. "त्याला पाहिल्याशिवाय मी रडणार नाही."

आम्ही पायऱ्या उतरलो. बाहेर ऊन पडलं होतं, पण खाली पहाटेचा गारवा तसाच होता. शेवाळाचा आणि जुन्या डिझेलचा वास एकमेकांत मिसळला होता. फिरवायचं हँडल भिंतीतल्या खुंटीला अडकवलेलं होतं. खंडेनवमीला आनंदीने त्याची पूजा करून लाल नाडा बांधला होता, तोही जागेवर होता. दिनानाथने हँडल हातात घेतलं आणि तळवा धोतराला पुसला.

"ओलं कसं हे?"

"दव असेल," मी म्हणालो.

इंजिन सुरू करणं दोघांचं काम होतं. सिलिंडरच्या डोक्यावर एक खटका आहे. तो वर असला की आतला दाब सुटतो आणि हँडल हलकं फिरतं. चाकाने वेग घेतला की फिरवणारा हाक देतो, दुसरा खटका पाडतो. वेळ चुकली तर हँडल उलटं फिरून माणसाला फेकून देतं. फिरवायचा संताजी, खटक्यावर मी. 'सोडा, आबा,' तो म्हणायचा.

दिनानाथने डिझेलच्या नळीतली हवा काढली, बुडबुडे थांबेपर्यंत. नोझल उघडून फवारा पाहिला. सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडलं, दाब धरावा म्हणून. चिंधी पेटवून हवा आत ओढणाऱ्या तोंडाशी धरली, ती तापावी म्हणून. मग फिरवायला लागला.

"छोडो!"

मी खटका पाडला. एक उसासा आला, पांढरा धूर निघाला, चाक थांबलं. पुन्हा तेच. पुन्हा.

"डिझेल आहे, हवा आहे, दाब आहे," तो धापा टाकत म्हणाला. "और क्या चाहिए इसको?" त्याने हात झटकले. "आणि हे साला पुसलं तरी ओलंच."

वरून आनंदीचा आवाज आला. "काय झालं हो?"

दिनानाथ पुन्हा वाकला. चाक घुमू लागलं. या वेळी ते सहज घुमत होतं, जणू दुसराही कोणी जोर लावत होता. दिनानाथने चमकून माझ्याकडे पाहिलं. त्याचे ओठ मिटलेले होते...

"सोडा, आबा."

माझा हात आपसूक खाली आला.

इंजिन धडाडलं. भिंतीच्या कपारींतले पारवे भर्रकन वर उडाले. दिनानाथने हँडल ओढून काढलं आणि खुंटीला अडकवलं. त्याला ते अडकवताना मी स्वतः पाहिलं.

"तुम्ही हाक दिलीत?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "पण ऐकू आली..."

दुपार कलली तेव्हा पाणी तळाला गेलं. आम्ही काठावर येऊन बसलो होतो. बागेचा राखणदार गजानन दोर बांधून चिखलात उतरला, एका कपारीत वाकला आणि तिथेच थबकला.

"मिळाला," तो म्हणाला.

संताजीला वर घेतलं. त्याची उजवी मूठ मिटलेली होती. त्या मुठीत हँडल होतं. लोखंडाला चिखल लागलेला, त्यावर लाल नाडा. आनंदीने त्या गाठीवरून बोट फिरवलं.

"माझीच गाठ आहे," ती म्हणाली, आणि मग ती रडली.

मी खाली कट्ट्याकडे पाहिलं. इंजिन एकसारखं चालू होतं. खुंटी रिकामी होती.

दिनानाथ माझ्या शेजारी उभा होता. त्याने आपले दोन्ही तळवे माझ्यापुढे उघडले. नाड्याचा लाल रंग त्यांवर उतरला होता, आणि तो अजून ओला होता.