पळीच्या शब्दकोशातला चोथा

चंद्रावरच्या शिखर तळावर रोज सकाळी बागेतून सहा किलो भाजी निघायची आणि ताटांत मात्र साडेपाच किलोच पोहोचायची. मधला अर्धा किलो कुठे जातो, हे कोणालाच सांगता येईना. तळावर माणसं बारा आणि माणशी लागते अर्धा किलो, म्हणजे भाजी पुरत होती अकरा जणांनाच. तळप्रमुख फरीदा मुजावर यांनी शांतपणे निर्णय दिला, की गुरुवारच्या यानाने एकाने पृथ्वीवर परतायचं. नाव निघालं ते वयाने सर्वांत मोठ्या आणि नुकत्याच निवृत्त झालेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ गंगाधर टिपणीसांचं.

त्यांची अकरा वर्षांची नात शाल्मली आईबरोबर तळावरच राहणार होती. आजोबा मुकाट्याने बॅग भरू लागले. शाल्मलीला रडू आलं, आणि रडून झाल्यावर ती स्वयंपाकघरात जाऊन बसली. भाजी हरवत असेल तर तिथेच, असं तिला वाटलं.

स्वयंपाकघर पळी नावाचा यंत्रमानव सांभाळायचा. त्याने गाजरं, दुधी आणि कोबीचे दांडे तासभर उकळले, पाणी गाळून सुपासाठी ठेवलं आणि गाळणीतल्या मऊ भाज्या खताच्या नळीत सोडायला निघाला. शाल्मलीने त्याला अडवून कारण विचारलं. पळीने आपल्या शब्दकोशातली नोंद वाचून दाखवली.

"चोथा. सत्त्व काढून घेतल्यावर उरलेला टाकाऊ भाग. नोंद करणारे, गंगाधर टिपणीस."

आजोबांना बोलावणं गेलं. आपण काय करून ठेवलंय हे कळल्यावर ते चांगलेच ओशाळले. पळी नवा असताना नारळाचं दूध काढता काढता ते तसं बोलून गेले होते, आणि या शहाण्याने तोच नियम गाळणीत उरणाऱ्या प्रत्येक गोष्टीला लावला होता. पण सत्त्व तर खरंच सुपात गेलं असणार, असं आजोबांना अजूनही वाटत होतं.

"मग पुरणाचं काय, आजोबा? डाळ शिजवून आपण कट काढतो, त्याची आमटी करतो. खाली राहिलेल्या डाळीला कोणी चोथा म्हणतं का?"

आजोबांनी उकडलेल्या गाजराचे दोन तुकडे ठेचले, एक पाण्यात टाकला आणि दुसरा गरम तेलात. पाणी जेमतेम रंगलं, पण तेल नारिंगी झालं. त्यांनी समजावून सांगितलं, की भाजीतले क्षार (मिठासारखे विरघळणारे पदार्थ) आणि बरीचशी चव पाण्यात उतरते, म्हणून उरलेली भाजी मिळमिळीत लागते. पण कॅरोटीन (गाजराला रंग देणारा पदार्थ, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) पाण्यात विरघळत नाही, ते तेलातुपात विरघळतं. तंतूही (पेशींच्या भिंतींचे धागे, जे पोट साफ ठेवतात) भाजीतच राहतात.

त्या दुपारी गाळणीतल्या भाज्या भाजणीत मळून त्यांची थालीपिठं झाली, तिखटमीठ जरा चढं घालून आणि तेल सढळ हाताने सोडून. मुजावरबाईंनी दुसरं मागून घेतलं, मग वजनाचे आकडे पाहिले आणि यानाच्या यादीतलं आजोबांचं नाव स्वतःच्या हाताने खोडलं. शाल्मलीने आजोबांची बॅग पुन्हा कपाटात रिकामी केली.

गुरुवारी यान निघालं, ते पळीची सुधारलेली नोंद दुसऱ्या तळांसाठी घेऊन. सुपाच्या भाज्यांपुढे आता 'पुरण' असं लिहिलं होतं. निरोप देऊन परतताना पळीने शाल्मलीला एक शंका विचारली.

"'निवृत्त' हा शब्दही तपासायचा आहे. त्याचाही अर्थ कोणी टाकाऊ असा नोंदवला होता का?"

"नोंदवला नव्हता," शाल्मली म्हणाली, "पण धरला होता."