लाल फडकं आणि हिरवं कार्ड

"पाच वाजता मला सही करायचीय," बाई म्हणाल्या आणि पर्समधून घडी घातलेला कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "माझ्याच राजीनाम्यावर. मजकूर मालकांनी आधीच टाइप करून दिलाय."

वहिनींनी कागद वाचला. भाऊजींनी मान वाकडी करून वाचला आणि घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा वाजले होते.

वहिनी तीस वर्षं शाळेचं वेळापत्रक बनवायच्या. एका वर्गात दोन शिक्षक आणि शेजारच्या वर्गात एकही नाही, हे कसं झालं ते शोधण्यात हयात गेल्यावर निवृत्तीनंतर त्यांनी खासगी तपासाचं काम सुरू केलं. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. गाडी चालवणं, वही सांभाळणं आणि चुकीच्या माणसावर संशय घेणं ही तिन्ही कामं ते इमानेइतबारे करत. त्यांच्या तोंडून ऐकून ऐकून आता पोस्टमनसुद्धा त्यांना वहिनीच म्हणायचा.

"सगळं सुरुवातीपासून सांगा," वहिनी म्हणाल्या.

बाई व्हीलचेअरच्या कारखान्यात तपासनीस होत्या. एकोणीस वर्षं एकही खुर्ची त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडली नव्हती. सोमवारी त्यांनी सत्तावीस नंबरची खुर्ची थांबवली, कारण ब्रेकचं रबर झिजलं होतं आणि नवं यायचं होतं. कॉम्प्युटरवरच्या बोर्डावर तिचं कार्ड त्यांनी 'थांबवलंय' या कॉलममध्ये टाकलं आणि नेहमीप्रमाणे खुर्चीच्या दांडीला लाल फडकं बांधलं. तरीही बुधवारी ती खुर्ची एका म्हाताऱ्या शिंप्याच्या घरी पोचली, उतारावर घरंगळली आणि कुंपणाच्या झुडपात जाऊन अडकली.

"लागलं का त्यांना फार?"

"मनगट मुरगळलं. झुडूप होतं म्हणून वाचले हो!" बाईंचे डोळे भरून आले. "आणि कार्डाच्या नोंदीत काय आहे माहितीये? मंगळवारी दुपारी एक चाळीसला 'थांबवलंय'मधून 'पूर्ण'मध्ये हलवलं. हलवणाऱ्याचं नाव, माझं."

"तुम्ही हलवलं नाहीत?"

"माझ्या मुलाच्या गळ्याशपथ, नाही."

"फडकं?"

"ड्रायव्हर म्हणतो, नव्हतंच. मी पास केल्यावर मीच ते सोडून खुंटीला टांगते. म्हणजे सगळं माझ्यावरच."

भाऊजींनी वहीत लिहिलं, 'ड्रायव्हर?' आणि खाली दोन रेघा मारल्या.

*

कारखाना म्हणजे एक लांबट शेड होती. एका टोकाला वेल्डिंग, मध्ये जोडणी, दुसऱ्या टोकाला तपासणीचं टेबल आणि त्यावर कॉम्प्युटर. दारात ड्रायव्हरच्या गाडीत तयार खुर्च्या चढत होत्या. भिंतीवर मोठा स्क्रीन होता, सगळ्यांना बोर्ड दिसावा म्हणून. मालक काचेच्या केबिनमध्ये बसले होते. चष्मा कपाळावर होता आणि आवाज चढलेला होता.

"मला त्या कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही," ते म्हणाले. "पण नोंद खोटं बोलत नाही ना? आणि चुकून झालं म्हणावं, तर तेही नाही. तो प्रोग्राम दोन-दोनदा विचारतो, खात्री आहे का, खात्री आहे का म्हणून. तरी बाईंनी कार्ड सरकवलं. मग याला काय म्हणायचं?"

"बाईंवर राग आहे तुमचा?"

"राग?" मालक जरा खाली आले. "वाईट वाटतंय हो. मंगळवारी दोन वाजता मोठ्या हॉस्पिटलची माणसं आली होती. बोर्ड बघून म्हणाली, वा, किती सुटसुटीत काम! आणि दुसऱ्याच दिवशी हे. कुणाला तरी जबाबदार धरायला नको?"

बाहेर येताना भाऊजी कुजबुजले, "चोर सोडून संन्याशाला फाशी देणारा माणूस वाटतो."

"भाऊजी, चोर कोण ते आधी कळू दे," वहिनी म्हणाल्या.

बोर्ड सांभाळायची मालकांची सून. पदर खोचल्यासारखी बाही सावरून ती स्क्रीनपुढे बसली.

"प्रोग्राम आणला तेव्हा त्यात तीनच कॉलम होते. करायचंय, चालू, झालं. आपल्या कामाला ते कसे पुरणार? तयार सदरा सगळ्यांना थोडाच बसतो? मग मी आपल्या मापाने बेतला. मागणी, जोडणी, तपासणी, थांबवलंय, पूर्ण. थांबवलेली कार्डं लाल, पूर्ण झालेली हिरवी."

"इथे तर चारच दिसतायत," वहिनी म्हणाल्या.

सुनेने ओठ मुडपले. "'थांबवलंय' मंगळवारी काढून टाकला बाईंनी. त्यांना माझे बदल डोळ्यांत खुपतात."

वहिनींनी बाईंकडे पाहिलं. "मी?" बाई उसळल्या. "मला वाटलं तुम्हीच काढलात! तुम्ही आठवड्याला काहीतरी हलवता. कधी लपवता, कधी परत आणता. मी म्हटलं, असेल काहीतरी नवीन. माझी फडकी बांधलेली होती, म्हणून मी निश्चिंत."

"मग एकमेकींना विचारलं का नाहीत?"

दोघींनी दोन दिशांना पाहिलं. दोन महिने त्यांच्यात कामापुरतंच बोलणं होतं, हे सांगायची गरज राहिली नाही.

"कॉलम कोणी काढला, याची नोंद असते?"

"नाही. फक्त कार्डांची असते. कॉलम बदलायचा हक्क तिघांना आहे. मला, बाईंना आणि बाबांना. बाबांना आपला नावापुरता. मीच त्यांना बजावलंय, बाबा, तुम्ही हात लावू नका."

"आणि हा टेबलावरचा कॉम्प्युटर?"

"तो दिवसभर माझ्याच नावाने उघडा असतो," बाई म्हणाल्या.

"जरा एक कार्ड हलवून दाखवा."

बाईंनी एक कार्ड बोटाने ओढून शेजारच्या कॉलममध्ये सोडलं. ते निमूट जाऊन बसलं.

"बस्स?"

"बस्स. परत आणायचं तर परत ओढायचं."

वहिनींनी सुनेकडून सरावासाठी एक वेगळा रिकामा बोर्ड मागून घेतला आणि त्यावर खेळत बसल्या. कॉलम मांडले, कार्डं टाकली, पुसली, पुन्हा मांडली. भाऊजी कंटाळले. कोपऱ्यात एक खुर्ची दिसली म्हणून टेकायला गेले आणि धाडकन जमिनीवर आले.

"अहो, तिला एका बाजूला चाकच नाहीये!" बाई धावल्या. "दिसलं नाही का लाल फडकं?"

"भाऊजी, पडल्यापडल्या तिचा नंबर वाचा," वहिनी म्हणाल्या.

"एकतीस," भाऊजी कंबर चोळत म्हणाले.

वहिनींनी भिंतीवरच्या स्क्रीनकडे पाहिलं. 'पूर्ण'च्या हिरव्या रांगेत एकतीस होता. त्यांनी त्याची नोंद उघडली, मग आणखी दोन कार्डांची, आणि ताडकन उठल्या.

"भाऊजी, पळा! दारातली गाडी सुटू देऊ नका. एकोणतीस आणि चौतीस नंबर खाली उतरवा!"

*

भाऊजी धावण्यासाठी प्रसिद्ध नव्हते, पण त्या दिवशी धावले. गाडीचं इंजिन चालू झालं होतं. दोन्ही खुर्च्या उतरवल्या आणि बाईंनी तपासल्या. एकीची पाय ठेवायची फळी सैल होती, दुसरीचा ब्रेक एकाच बाजूने लागत होता.

ड्रायव्हर फडक्याने गाडीची काच पुसत उभा होता.

"फडकं छान आहे," वहिनी म्हणाल्या. "लाल. कुठलं?"

"गाडीतलंच... जुनं आहे."

"जुनं? इतकं स्वच्छ? आणि दोन टोकांना गाठीच्या चुण्या?"

ड्रायव्हरने फडकं पाठीमागे नेलं. मग पुढे आणलं. "सत्तावीसला होतं बांधलेलं. पण स्क्रीनवर हिरवं दिसत होतं हो! मला वाटलं, बाई सोडायला विसरल्या. मी सोडलं, एकोणतीस-चौतीसचीही तेव्हाच सोडली. ते आजोबा पडले कळल्यावर माझी बोबडीच वळली. घरी दोन लेकरं आहेत, वहिनी."

"बाईंनाही मुलगा आहे," वहिनी म्हणाल्या.

आता जोडणी करणारे मिस्त्री उरले होते. बाई त्यांचं काम वारंवार परत पाठवत, म्हणून त्यांचं आणि बाईंचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं.

"मंगळवारी एक चाळीस?" मिस्त्री म्हणाले. "जेवणाची सुट्टी. आम्ही सगळे मागच्या अंगणात. बाई माझ्यासमोर बसून माझ्याच जोडाला नावं ठेवत होत्या. खोटं कशाला बोलू? मला त्यांचा राग येतो, पण त्या तिथेच होत्या."

"मोबाइल होता हातात?"

"डबा आणि चमचा होता. आणि जीभ."

"सूनबाई?"

"मुलीच्या शाळेत गेलेल्या. मालक तेवढे आत, पाहुण्यांची वाट बघत."

"वहिनी," भाऊजी हळूच म्हणाले, "मला तर हा मिस्त्रीच..."

"लिहून ठेवा," वहिनी म्हणाल्या. "नंतर खोडता येईल."

*

पावणेपाचला सगळे तपासणीच्या टेबलाभोवती जमले. राजीनामा टेबलावर होता, शेजारी पेन. मालकांनी घड्याळ पाहिलं.

"बाईंनी खुर्ची थांबवली होती, हे ड्रायव्हरच्या हातातलं फडकं सांगतंय," वहिनींनी सुरुवात केली. ड्रायव्हरने सगळ्यांसमोर कबुली दिली. "आता कार्ड. सगळ्यांनी सत्तावीसचीच नोंद वाचली. मी शेजारच्यांचीही वाचली. सत्तावीस, एकोणतीस, एकतीस, चौतीस. चारही 'थांबवलंय'मधून 'पूर्ण'मध्ये, मंगळवारी एक चाळीसला, एकाच सेकंदाला. कार्ड एकेक ओढावं लागतं. एका सेकंदात चार कोण ओढेल? शिवाय एकतीसला तर चाकच नाही. बाई सोडा, आमचे भाऊजीसुद्धा तिला पास करणार नाहीत."

"आता नाही करणार," भाऊजी कमरेवर हात ठेवून म्हणाले.

"म्हणजे कार्डं कोणी हलवलीच नाहीत. ती हलली. शाळेत एखादी तुकडी बंद केली, की तिच्यातली मुलं कुठल्या तरी वर्गात बसवावीच लागायची. मघाशी रिकाम्या बोर्डावर मी तेच करून पाहिलं. कार्डं असलेला कॉलम पुसायला गेलं की प्रोग्राम विचारतो, यातली कार्डं कुठे पाठवू? खाली यादी येते. आपल्या बोर्डासारखेच कॉलम मांडले, तर यादीत सगळ्यात वर होतं 'पूर्ण'. कोणीतरी न वाचता वरचंच दाबलं. कॉम्प्युटर बाईंच्या नावाने उघडा, म्हणून चारही नोंदी बाईंच्या नावावर गेल्या."

"पण कॉलम काढला कोणी?" सुनेने विचारलं.

"तुम्हाला वाटलं बाईंनी, बाईंना वाटलं तुम्ही. दोघी खऱ्याच रागावल्या होत्या, म्हणजे दोघींनीही नाही. बाकीचे त्या वेळी मागच्या अंगणात जेवत होते. हक्क तिघांना आहे." वहिनी मालकांकडे वळल्या. आवाज मऊ झाला होता. "सकाळी तुम्ही म्हणालात, प्रोग्राम दोनदा विचारतो, खात्री आहे का. कार्ड हलवताना तो काहीच विचारत नाही, बाईंनी दाखवलं आम्हाला. तो प्रश्न एकाच कामात येतो, कॉलम पुसताना, यादीतलं दाबून झाल्यावर. आणि दोनदा येतो. ज्याने कधी हात लावला नाही, त्याला हे कसं ठाऊक?"

मालकांनी कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला आणि त्याच्या काचा पुसल्या.

"पाहुणे यायचे होते," ते म्हणाले. "भिंतीवर ती चार लाल कार्डं. बरं दिसत नव्हतं. मला वाटलं, फळा पुसावा तसं आहे, सूनबाई नंतर परत लिहील. चष्मा केबिनमध्ये होता. मोठ्या अक्षरात खात्री आहे का, तेवढं वाचलं आणि हो, हो म्हणत गेलो. सांगायची लाज वाटली. पण बाई, आईशप्पथ, त्याचा आणि सत्तावीसचा संबंध माझ्या ध्यानातच आला नाही. मीच त्या म्हाताऱ्याला पाडलं आणि तुम्हाला घरी पाठवायला निघालो होतो."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं भाऊजी म्हणणार होते, पण मालकांचं तोंड पाहून त्यांनी ते गिळलं.

मालकांनी राजीनामा उचलला, फाडायला दोन्ही हातांत धरला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "मागची बाजू कोरी आहे."

त्यांनी कागद उलटा करून पेन उचललं आणि सुनेकडे सरकवलं. "आखा कॉलम. पाच. 'थांबवलंय' परत आणा. त्यातलं कार्ड फक्त मी बाहेर काढणार, असं करता येतं का?"

"येतं," सून म्हणाली. "आणि बाबांचा हक्क काढून टाकते."

"टाक, पोरी," मालक म्हणाले.

"एक अजून. कार्ड हिरवं होण्याआधी 'फडकं खुंटीवर आहे' अशी खूण करायला लावता येईल? म्हणजे स्क्रीन आणि फडकं, दोघांचं एकमत झाल्याशिवाय खुर्ची दाराबाहेर नाही. आणि एकमत नसेल, तर ज्याला दिसेल त्याने मला हाक मारायची." बाईंनी ड्रायव्हरकडे पाहिलं. त्याने जोरजोरात मान हलवली.

"ही तर उत्तम कल्पना आहे," सून म्हणाली. "मला आधी का नाही सांगितलीत?"

"तुम्ही आधी विचारलंत कुठे?"

दोघी एकाच वेळी हसल्या आणि कागदावर वाकल्या.

ब्रेकचं नवं रबर दुपारीच आलं होतं. मिस्त्रींनी कुरकुर न करता ते परत आणलेल्या सत्तावीसला बसवलं. बाईंनी चाकं फिरवली, नट-बोल्ट पाहिले, ब्रेक तीनदा लावून सोडला. मग खुर्ची दारातल्या उताराच्या माथ्यावर नेली.

"मालक, बसा."

"मी?"

"शिंपीदादांकडे उद्या तुम्हीच घेऊन जाणार ना, माफी मागायला? मग आधी तुम्ही बसा."

मालक बसले. ब्रेक लावला. बाईंनी मागची दांडी घट्ट धरली होती.

"सोडू? खात्री आहे का?"

"आहे."

"खात्री आहे का?"

मालकांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही तपासलीय ना? मग आहे."

बाईंनी हात काढले. खुर्ची तसूभरही हलली नाही. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. भाऊजींनी वही उघडली आणि मिस्त्रींचं नाव गुपचूप खोडलं.

मालक उतारावर तसेच बसून राहिले होते. घड्याळात पाच वाजून गेले होते.

"उद्या वेळेवर या, बाई," ते म्हणाले.

"एकोणीस वर्षांत कधी उशीर झालाय का?" बाई म्हणाल्या, आणि ड्रायव्हरच्या हातातलं लाल फडकं घेऊन खुंटीवर टांगायला आत गेल्या.