पत्र्यापलीकडचा आवाज

त्या काळात नुसत्या आठवणीवर कोणी भरवसा ठेवत नसे. साक्षीदाराने "मला पक्कं आठवतंय" असं म्हटलं, की न्यायाधीश ते शांतपणे ऐकून घेत आणि विचारत, "तळठसा काढलाय का?" अपघाताचे दावे असोत की भावाभावांतले तंटे, सगळीकडे हाच प्रश्न. पुण्याच्या स्मृतिविज्ञान केंद्रात त्यासाठी रोज माणसं येत आणि तिथली अट ऐकून त्यांतली निम्मीअधिक आल्या पावली परत जात.

केतकी वाघचौरे परत जाणाऱ्यांतली नव्हती. साताऱ्याच्या एका शाळेत ती भूगोल शिकवायची. मुलगी रेवा तिच्यासोबत आली होती, पण तिला आईचा हा बेत मुळीच मान्य नव्हता.

केतकीची हकिकत बावीस वर्षांपूर्वीची. तिचा नवरा सुहास हिमाचलातल्या सोमधार खोऱ्यात, एका बोगद्याच्या प्रकल्पावर वीज-अभियंता होता. त्या हिवाळ्यात खोऱ्यात आधी कधी पाहिलं नव्हतं असं वादळ आलं. बर्फ पडतच राहिला. वसाहतीतली वीज गेली, घरं गारठली, तेव्हा सगळी कुटुंबं सभागृहात जमली, कारण तेवढ्याच इमारतीत डिझेलवर चालणारी शेगडी होती. ताजा, कोरडा बर्फ पिंजलेल्या कापसासारखा हलका असतो. छत तो पेलतं. पण त्या दुपारी हवा जराशी उबदार झाली आणि बर्फावर पाऊस पडला. बर्फाने तो सगळा शोषून घेतला आणि छतावरचं ओझं काही तासांत दुपटीने वाढलं. खाली माणसं चहा पीत होती. सुहास घोंगड्या आणायला दुसऱ्या टोकाला गेला होता. चार वर्षांची रेवा केतकीच्या मांडीवर झोपली होती.

मग छत खाली आलं.

मायलेकी लाकडी मंचाच्या कडेला बसल्या होत्या म्हणून वाचल्या. मंचाच्या तुळया आडव्या पडून एक पोकळी तयार झाली होती. काळोख होता आणि हाडं गोठवणारी थंडी. आणि वाकलेल्या पत्र्यापलीकडून सुहासचा आवाज येत होता. "झोपू नकोस केतकी. बोटं हलवत राहा. रेवाला जागी ठेव." कितीतरी तास तो बोलत होता. बचावपथकाने तिला ओढून बाहेर काढलं तेव्हाही तो म्हणाला, "त्यांना सांग, मी इथे आहे." तिने सांगितलं. पण पथकाला सुहासचा देह आधीच सापडला होता, अगदी दुसऱ्या टोकाला, आणि डॉक्टरांच्या मते तो जागच्या जागी गेला होता. ढिगाऱ्यात हृदयाचे ठोके शोधणारं ऐकयंत्रही आत कोणी जिवंत नसल्याचं सांगत होतं. वादळ पुन्हा चढत होतं. खोदकाम थांबवलं गेलं. बाई धक्क्यात आहेत, असं एकमेकांना सांगत त्यांनी तिला गाडीत घातलं.

केतकीने ते कधीच मान्य केलं नाही. देह कुठे आणि केव्हा सापडला, तो कधी गेला, हे सगळं घाईत चुकीचं नोंदवलं गेलं असं तिचं ठाम मत होतं. ऐकयंत्र गप्प झालं की खोदणं थांबवायचं हा नियम पुढे ठिकठिकाणी लागू झाला, आणि कुठेही इमारत कोसळल्याची बातमी आली की तिचं जेवण ताटातच राहायचं. तिने अर्ज केले, दिल्लीला जाऊन अधिकाऱ्यांना भेटली. उत्तर नेहमी सौजन्याने मिळायचं: आठवण हा पुरावा नव्हे. यंदा मात्र हा नियम देशभर कायमचा करण्यासाठी एक समिती बसली होती, आणि तळठसा असेल तर साक्ष ऐकू, असं समितीने कळवलं होतं.

डॉ. निशिगंधा तडवी केंद्राच्या प्रमुख होत्या. नंदुरबारकडच्या, बोलायला साध्या. त्यांनी मायलेकींना समोर बसवून घेतलं आणि भिंतीकडे बोट दाखवलं.

"केतकीताई, आठवण म्हणजे पेटीत ठेवलेला फोटो, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. ती या भिंतीसारखी असते. दरवेळी आठवलं की मेंदू तिच्यावर रंगाचा नवा हात मारतो. त्या दिवशीचा मूड, नंतर कोणी सांगितलेलं, स्वप्नात दिसलेलं, सगळं त्या रंगात मिसळतं. आपल्याला दिसतो तो सगळ्यांत वरचा थर. तळाला पहिल्या दिवशीचा थर शाबूत असतो. त्याला आम्ही तळठसा म्हणतो."

"आणि तो तुम्हाला वाचता येतो."

"मला नाही, तुम्हालाच. आम्ही फक्त त्या पेशी जाग्या करतो. तुम्हाला ते पुन्हा, पहिल्यासारखं आठवतं. यंत्र एवढंच सांगतं, की ऐकू आलेला आवाज कानांतून आत आला होता की मनाने घडवला होता. कानांतून आलेल्या आवाजाची मेंदूत एक वेगळी खूण राहते. कर्णखूण. ती खोटी करता येत नाही."

अट त्यांनी शेवटी सांगितली. तळाचा रंग पाहायचा तर वरचे थर खरवडावे लागतात, आणि खरवडलेला रंग पुन्हा चिकटवता येत नाही. आज केतकीला जे आठवतं ते जाईल. मूळ जसं असेल तसंच उरेल.

रेवा म्हणाली, "आई, तो आवाज फक्त तुझा नाहीये. मला बाबांचा चेहरासुद्धा आठवत नाही. ते रात्रभर आपल्याशी बोलत होते, एवढंच माझ्याकडे आहे. आणि तेही तुझ्याकडून आलेलं."

केतकीने तिचा हात हातात घेतला. आवाज खरा असेल तर तो खराच निघेल, मग भ्यायचं कशाला, असं ती म्हणाली. रेवाने विचारलं, आणि नसेल तर?

"नसेल, तर मी इतकी वर्षं लोकांना खोटं सांगत आलेय. तेही मला कळायला हवं. पण रेवा, तिथे कोणीतरी बोलत होतं. उद्या दुसऱ्या कुठल्या ढिगाऱ्याखाली कोणी बोलत असेल आणि वरचे लोक सामान आवरत असतील. मी हे करणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला एका उबदार खोलीत आडवं केलं. डोक्याभोवती जाळीची टोपी बसवली. डॉ. तडवी शेजारी बसल्या, रेवा काचेपलीकडे. केतकीने डोळे मिटले आणि काही क्षणांत तिचे दात वाजायला लागले, खोलीत गारवा नसतानाही. ती डावा हात छातीशी धरून मांडीवरचं काहीतरी सांभाळत राहिली. पडद्यावर कर्णखुणेची रेघ उमटली, ठळक आणि अखंड. डॉ. तडवींनी काचेकडे पाहून मान हलवली. आवाज खरा होता. रेवाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मग केतकी बोलली, पण मराठीत नाही.

"दीदी, सोना मत. उंगली हिलाते रहो. बच्ची को जगाके रखो."

डॉ. तडवींनी हलक्या आवाजात विचारलं, हे कोण बोलतंय. केतकीच्या बंद डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती म्हणाली, "ओळखीचा नाही. कोवळा आवाज आहे. हिंदी मोडकं बोलतोय, नेपाळकडचा असावा. छतावरचा बर्फ काढायला चढला होता म्हणतोय. छतासोबत खाली आला."

शुद्धीत आल्यावर तिने सगळं नीट सांगितलं, आणि समितीसाठी ते ध्वनिमुद्रित झालं. मुलाचं नाव दिलमान. त्याने तिला नाव विचारलं, मुलीचं नाव विचारलं. पाय जाणवत नाहीत असं एकदा म्हणाला आणि पुन्हा तो विषय काढला नाही. मध्येच तो रडायचा, आईला "आमा, आमा" अशा हाका मारायचा, मग गप्प होऊन पुन्हा तिला हाक मारायचा, जागी आहेस ना म्हणून. तिला बाहेर ओढलं तेव्हा तो म्हणाला होता, "दीदी, इनको बोलना मैं इधर हूँ." ती ओरडून सांगत होती, तो तिकडे आहे, तो तिकडे आहे. एका जवानाने तिला विचारलं, नवरा का? आणि उत्तराची वाट न पाहता तो म्हणाला, ते सापडले, बहेनजी, ते आता नाहीत.

"तिथेच सांधा जुळला," डॉ. तडवी म्हणाल्या. "एकाच क्षणी तुम्हाला कळलं की नवरा गेला, आणि कानात एक आवाज घुमत होता. मनाने दोन्ही एकत्र केलं. एक-दोन दिवसांतच तो सुहासचा झाला असेल. पुढे दरवेळी थोडा अधिक."

रेवा आईजवळ येऊन बसली. तिने विचारलं, "बाबांचं काही उरलं का?"

केतकीने आठवून पाहिलं. पूर्वी जिथे सुहासचा आवाज होता तिथे आता तो मुलगा होता. सुहास बोलतोय अशी कल्पना करून पाहिली, तर ती कल्पनाच वाटली. "घोंगड्या आणायला उठला तेव्हा तुझ्या पायात निघालेला मोजा नीट चढवून गेला," ती म्हणाली. "काही बोलला नाही. तू झोपली होतीस ना."

रेवा ते ऐकून रडली नाही. ती उठून खिडकीशी गेली आणि तिथूनच म्हणाली, की तिच्या मनात बाबा अजून बोलतात, आणि ती काही टोपी घालून घेणार नाही.

समितीने साक्ष मान्य केली. सोमधारला ओला बर्फ आणि पत्रा यांनी ठोक्यांचा आवाज गिळला होता आणि ऐकयंत्र चुकलं होतं, हे जाणकारांनीही सांगितलं. नियम बदलला. ओल्या बर्फात किंवा चिखलात यंत्र गप्प झालं तरी, शेवटचा थर हातांनी उपसेपर्यंत पथकाने हलायचं नाही, असं ठरलं. केतकीला ज्यासाठी लढायचं होतं ते मिळालं होतं. लोकांचे फोन येत होते.

तिचं मन मात्र एका गोष्टीत अडकलं होतं. वादळानंतरच्या वसंतात बर्फ वितळल्यावर ढिगाऱ्यातून एका मजुराचा देह निघाला होता. तिने तेव्हा ते ऐकलं होतं आणि विसरली होती. दिलमान तमांग. छत कोसळताना तत्क्षणी मृत्यू, असं घरच्यांना कळवण्यात आलं होतं. आता समितीचा अहवाल प्रसिद्ध होणार होता आणि त्यात खरं काय ते छापून येणार होतं.

केतकी त्याच्या घरच्यांकडे जायला निघाली, तेव्हा डॉ. तडवींनी तिला थांबवायचा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, "त्या लोकांनी एका वाक्याच्या आधारावर इतकी वर्षं काढली आहेत. ते तुम्ही काढून घेणार."

"अहवालही काढूनच घेणार आहे," केतकी म्हणाली. "निदान त्याला ऐकणारं कोणीतरी घरी गेलं पाहिजे. तो शेवटी माझ्याशी बोलला, डॉक्टर."

डॉ. तडवींनी मग आणखी एक गोष्ट सांगितली. तळठसा उघडला की तोही इतर आठवणींसारखाच होतो. आता दर सांगण्यागणिक त्याच्यावर नवा रंग चढणार. पहिल्या काही वेळा सांगितलेलंच खरं. मग मला लवकर जायला हवं, असं म्हणून केतकी उठली.

दिलमानची धाकटी बहीण सुनमाया कुल्लूकडे सफरचंदांच्या बागेत पॅकिंगचं काम करायची. बागेच्या कडेला दोन खोल्यांत ती आणि तिची म्हातारी आई राहत होत्या. केतकी पोचली ती सकाळी, उन्हं अंगणात आलेली असताना. सुनमायाने तिला चहा दिला. आईला ऐकू कमी यायचं. ती उन्हात बसून पाहुणीकडे बघून हसत होती.

केतकीने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. सुनमाया ऐकत राहिली. तिने एकदाही मध्ये अडवलं नाही, फक्त तिच्या हातातला ग्लास थंड होत गेला. शेवटी ती म्हणाली, "हमको बोला था, उसको पता भी नहीं चला."

"पता चला था," केतकी म्हणाली.

"डर रहा था?"

केतकीला इथे काहीही म्हणता आलं असतं. तिच्याशिवाय साक्षीदार नव्हता. "हाँ," ती म्हणाली. "रो रहा था. आमा को बुला रहा था. फिर मेरे लिए चुप हो जाता था."

सुनमाया उठून मोरीपाशी गेली आणि तिने तोंडावर पाणी मारलं. आता ती आपल्याला जायला सांगेल असं केतकीला वाटलं, आणि ती तेही ऐकून घेणार होती. पण सुनमाया परत येऊन तिच्या अगदी जवळ बसली. त्याने आमा कसं म्हटलं, ते तिला ऐकायचं होतं. त्याच्यासारखंच म्हणून दाखव, ती म्हणाली.

केतकीने म्हणून दाखवलं. सुनमायाने मान हलवली, दिलमान "आ" जरा लांबवायचा असं सांगून तिने स्वतः ते म्हटलं. केतकीने पुन्हा म्हटलं. या वेळी "आ" लांबला. आणि तो आधी तसा लांब होता की आता झाला, हे तिला सांगता येईना. काळोखातला तो मुलगा तिच्या डोक्यात सुनमायाच्या आवाजात बोलू लागला होता.

तिने ते ओळखलं, आणि गप्प बसावं असं तिला क्षणभर वाटलं. तेवढ्यात सुनमायाने आईला हाताला धरून आत आणलं, केतकीसमोर बसवलं आणि तिच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. म्हातारीचं हसू विरलं. ती केतकीच्या ओठांकडे एकटक बघू लागली.

"इसको भी बताओ," सुनमाया म्हणाली. "शुरू से. जोर से बोलना."

केतकी पुढे सरकली आणि मोठ्या आवाजात तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.