हात ठेवला की गप्प

रितेश, तो मोबाईल ठेव खाली. पूनम, दार लोट, डास येतायत. भुताची गोष्ट पायजे ना? मग आजोबाला मधे टोकायचं न्हाय.

ही गोष्ट दयारामची. म्हसळ्याला स्टँडमागं त्याचं रिपेरिंगचं दुकान हाय, तुम्ही पाहिलंय. टीव्ही, मिक्सर, वरातीत वाजवणाऱ्या बेंजोवाल्यांचे स्पीकर, काय वाट्टेल ते दुरुस्त करतो. थापाड्या माणूस न्हाय. कुणी भुताचं नाव काढलं की म्हणायचा, थांब, आधी मीटर लावून बघू.

गेल्या नोव्हेंबरातली वीस तारीख, गुरुवार. आपल्या कोकणातल्या देवदिवाळीची आदली रात्र, म्हणजे अमावस्या. आठाला दहा कमी असताना दयाराम दिघी रस्त्यावर कृष्णाबाईच्या घरी पोचला. काम साधं. गिटार घरघरते, बघून दे. दुकानात आणा म्हटलं, तर म्हातारी म्हणाली, घराबाहेर काढणार न्हाय.

गिटार तिच्या पोराची, निकेतची, विजेवर चालणारी. बेंजो पार्टीत वाजवायचा, हाताचा पंजा आईच्या दुप्पट. खंडेनवमीला कृष्णाबाईनं कोयता, विळी, शिलाई मशीन पूजेला मांडलं आणि हौसेनं गिटारही मांडली. हळद-कुंकू वाहिलं, वर पळीभर पाणी. आता सांगा, तुमची आई वेगळं काय करते? दसऱ्याला संध्याकाळी निकेतनं पिन लावली, तर नुसती घरघर. कार्यक्रमाची सुपारी घेतलेली. "अक्कल हाय का तुला?" असं आईला बोलला आणि दुसरी गिटार आणायला गाडीवरून श्रीवर्धनला सुटला. वळणावर टेम्पो आला... संपलं.

तेव्हापासून त्या बाईच्या डोक्याला एकच भुंगा. माझ्या पाण्यानं बिघडली काय? मी मारलं काय पोराला? विचारणार कुणाला? घरात दुसरं माणूस न्हाय. एकटीसाठी काय शिजवायचं म्हणून दिवसातनं एकदा भात टाकायची, बस. वाईट वाटतं रे सांगताना.

दयारामनं रीतसर सुरुवात केली. आधी वायर बदलली, घरघर तशीच. बटणं फिरवली, तशीच. मग मागची पट्टी खोलली, पिन लागते तिथला जॅक बाहेर ओढला. आत कुंकवाचा चिखल वाळून बसलेला. अर्थिंगची तार हिरवी पडून जोडातनं सुटलेली.

कृष्णाबाई समोर पाटावर बसलेली. "माझ्या पाण्यानं व्हय?"

दयारामनं मान वर केली न्हाय. "न्हाय काकी. जोड मुळातच कच्चा होता." चिखल खरवडून त्यानं चिंधीत गुंडाळला, सोल्डर मारलं, स्पीकर लावला. मोठी घरघर गेली. बारीकशी गुणगुण राहिली.

"एवढी राहणारच," तो म्हणाला. "वाजवणाऱ्याचा हात तारांवर असला की जाते. हे बघा." त्यानं तारांच्या खालच्या टोकाला तळवा ठेवला. गप्प. उचलला. गुणगुण. गिटार भिंतीला टेकवून तो मागं सरला, हत्यारं भरायला लागला.

"दया, खोटं बोलतोस ना?"

दयारामनं ती चिंधी पिशवीत तळाशी ढकलली.

मग ती गिटारीकडं बघून बोलली. हळू. "निकेत... रागावलास काय रे माझ्यावर?"

गुणगुण थांबली.

दयारामला वाटलं, लाईट गेली. बल्ब चालू. स्पीकरचा लाल दिवा चालू. पिन जागच्या जागी. त्याचे दोन्ही हात पिशवीत. तिचे मांडीवर. गिटारीपाशी कुणी न्हाय.

पण गप्प.

हात ठेवल्यावर होते... तश्शी गप्प.

मीटर दयारामच्या हाताखालीच होता, पिशवीत. लावायचं सुचलं न्हाय.

कृष्णाबाईच्या डोळ्यांतनं धार लागलेली. पण घाबरली न्हाय हो ती. एवढंच म्हणाली, "काढू नको रे हात... बस थोडा..."

किती वेळ गेला, त्याला सांगता येत न्हाय.

मग... गुणगुण. परत.

शेवटी दयारामनं उठून स्विच बंद केला आणि काहीतरी करायचं म्हणून फडकं घेऊन गिटार पुसायला वाकला. सात आठवडे कुणी वाजवली नव्हती, खारी हवा, सगळ्या तारांवर तांबूस गंज चढलेला. फक्त वर, दांडीच्या बाजूला, तीन तारांवर तीन जागी गंज नव्हता. घासूनपुसून लख्ख. एकेका बोटाच्या रुंदीएवढ्या जागा.

त्यानं फडकं मागं घेतलं. कृष्णाबाई पुढं सरकली, आपली तीन बोटं त्या जागांवर ठेवून बघितली.

तिची बोटं अपुरी पडली.