पांढरा पडलेला खडक

सकाळी सकाळी फोन आला आणि इन्स्पेक्टरबाईंचा चहा तसाच राहिला.

"मॅडम, समुद्रात विष टाकलंय. पोवळ्यांचा अख्खा खडक पांढराफट्ट पडलाय," पलीकडून हॉटेलवाला ओरडत होता. खाडीत पर्यटकांना पोवळी दाखवत फिरणाऱ्या सगळ्या बोटी त्याच्या होत्या. तक्रार त्याची, आणि गुन्हेगारही त्यानेच ठरवून ठेवलेला.

दुपारपर्यंत तो गुन्हेगार कोठडीत होता. एक तरुण मासेमार. घरचे त्याला धाकटा म्हणत. त्याच्या होडीत ब्लीचिंग पावडरचा डबा सापडला होता, अर्धा रिकामा.

"पावडर कशाला?" बाईंनी विचारलं.

"होडी धुवायला. माशांचा वास दुसऱ्या कशाने जात नाही. सगळेच वापरतात."

"हॉटेलवाल्याशी भांडण होतं?"

"आहेच. त्याच्या बोटी माझी जाळी फाडतात. म्हणून मी समुद्र मारीन? मग खाणार काय?"

"तुझ्या बाजूने कोण बोलेल?"

त्याचा चेहरा जरा उजळला. "दाजींना विचारा. ते सागर केंद्रात पाणबुडे आहेत. त्या खडकावर रोज तेच असतात."

बाहेर बाकावर त्याची बहीण बसली होती, त्याच दाजींची बायको. आई गेल्यावर धाकट्याला तिनेच वाढवलेलं. "मॅडम, गुन्हा शाबीत झाला तर किती वर्षं जाईल हो आत?" तिने विचारलं.

"आधी गुन्हा काय झालाय ते तर कळू दे. ताई, तुम्ही घरी जा."

ताई हलली नाही. बाईंचं डोकं तापलेलं होतंच, ते आणखी तापलं. एका डब्यात खाडी पांढरी होत असेल, तर लोक घरं रंगवायला चुना कशाला आणतात? पण हॉटेलवाल्याच्या शब्दाला वरपर्यंत वजन होतं, आणि उद्या पोराला कोर्टात उभं करायचं होतं.

सागर केंद्राच्या प्रमुख मोठ्याने बोलत होत्या. त्यांच्या एका कानात कापूस होता. "पडदा फाटलाय. मोसम सुरू व्हायच्या आधीपासून डॉक्टरांनी पाणी बंद केलंय माझं. माझा खडक डोळ्यांदेखत गेला आणि मला साधी बुडीसुद्धा मारता आली नाही."

"पोवळं पांढरं का पडतं? मला समजेल असं सांगा."

"पोवळं म्हणजे दगड नव्हे, प्राणी आहे. त्याच्या अंगात बारीक शैवाल राहतं. तेच त्याला रंग देतं, तेच पोसतं. समुद्र फार तापला की पोवळं त्यालाच हाकलून देतं आणि पांढरं पडतं. लगेच मरत नाही, उपाशी राहतं. पाणी लवकर निवलं नाही तर मात्र संपलंच. सगळ्या जगात हेच चाललंय."

"मग इथेही तेच झालं असेल."

"आमचं तापमापक नाही म्हणतं. पाणी नेहमीसारखंच. म्हणून तर विषाशिवाय दुसरं कारण उरत नाही."

"आणि तापलं असतं तर?"

"तर नियमाने खाडी बंद. एकही बोट नाही. आणि आम्ही चांगली पोवळी काढून खडकाच्या कडेपलीकडे, खोल थंड पाण्यात टांगली असती. बियाणं तरी वाचलं असतं."

पाणबुड्या शांत माणूस होता. विचारलं तेवढंच बोलायचा.

"तापमापक शेवटचं कधी काढलंत?"

"या मोसमात नाहीच. खडकात रोवलेल्या खुंट्याला ते पट्टीने आवळलेलं असतं. वाचनयंत्र वरून टेकवलं की आकडे मिळतात. पट्टीला मी हातही लावलेला नाही."

"दुसऱ्या कोणी काढलं असेल?"

"हॉटेलवाल्याकडेही पाणबुडे आहेत. बोटींचे तळ खरवडतात ते. पण ते कशाला काढतील?"

"तुम्ही नाही खरवडत काही?"

"नाही हो. खडकावरचं नखाएवढं काही खरवडायचं नाही, खुंट्यावरचंही नाही. केंद्रात पहिल्या दिवशीच शिकवतात. इतकी वर्षं झाली, आता सुरी हातात असली तरी हात चालत नाही."

"मेहुणा असं करील असं वाटतं तुम्हाला?"

त्याने खाली बघितलं. "पोरगं तापट आहे. काय सांगावं?"

ओहोटीला बाई हवालदाराला घेऊन पाण्यात उतरल्या. तापमापकाचा खुंटा कंबरभर पाण्यात होता. चहूकडे पोवळी पांढरी पडलेली, लांबवर, नजर जाईल तिथपर्यंत. त्यातून एकच मासा भांबावल्यासारखा फिरत होता. बाईंना रडू नाही आलं, संताप आला. पाणी पायांना अंघोळीच्या पाण्याइतकं कढत लागत होतं.

"ऊन आहे ना मॅडम," हवालदार म्हणाला.

"तू स्क्रू काढ."

पट्टी सुटली. तापमापक स्वच्छ होतं, घासून पुसून ठेवल्यासारखं. त्याच्या खाली, जिथे पट्टी आवळलेली होती तिथे, खुंट्यावर हिरवं शेवाळ होतं आणि त्यात चिरडलेली कालवांची पिल्लं. बाईंनी त्यावरून बोट फिरवलं, दोनदा. मग हवालदाराला फोटो काढायला सांगितलं.

संध्याकाळी सगळे ठाण्यात जमले. प्रमुख, हॉटेलवाला, पाणबुड्या. ताई दाराशी उभी होती. तिला बाहेर जा म्हणायची हवालदाराची छाती झाली नाही.

"विष कोणी टाकलं नाही," बाई म्हणाल्या. "समुद्र तापला. पण तापमापकाला ते कळलं नाही, कारण ते खडकावर नव्हतंच."

"ते तर जागेवरच आहे," हॉटेलवाला म्हणाला.

"आज आहे. पण पट्टी आवळलेल्या जागी शेवाळ उगवत नाही, तिथे ऊनच पोचत नाही. कालवं तर दाबाखाली वाढूच शकत नाहीत. पट्टीखाली दोन्ही होतं. म्हणजे खुंटा बरेच दिवस मोकळा होता, आणि त्यावर सगळं उगवल्यावर कोणीतरी पट्टी पुन्हा चढवली. मधल्या काळात तापमापक खोल थंड पाण्यात लटकत होतं. खडक पांढरा पडला, पोलीस येणार हे कळलं, तेव्हा ते घासून परत आणलं."

प्रमुखांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "कोणी?"

"तुम्ही पाण्यात उतरू शकत नाही. यांची माणसं दिवसभर तळ खरवडतात, त्यांनी पट्टी चढवण्याआधी खुंटा गुळगुळीत केला असता. आणि मग मला काहीच सापडलं नसतं. शेवाळाला धक्का न लावता, त्याच्यावरच पट्टी बसवणारा माणूस एकच. ज्याचा हात खुंट्यावर सुरी चालवायला धजत नाही. आणि मोसमभर पट्टीला हात लावला नाही, असं मला तोंडावर सांगणाराही तोच."



बाईंनी तापमापक प्रमुखांपुढे सरकवलं. "आता वाचा."

प्रमुखांनी यंत्र टेकवलं. मोसमभर थंड, आणि तक्रारीच्या आदल्या दुपारी पारा एकदम चढलेला. समुद्र असा घटकाभरात तापत नाही. त्यांनी यंत्र खाली ठेवलं आणि तोंडावर हात ठेवला.

"यांनी सांगितलं होतं," पाणबुड्या हॉटेलवाल्याकडे न बघता म्हणाला. "मोसम निघू दे, एक बोट तुझ्या नावावर करतो म्हणाले. मला वाटलं चार दिवसांची गरमी, उतरेल."

"आणि डबा?" बाईंचा आवाज चढला. "धाकट्याच्या होडीत पावडर असते हे यांना कोणी सांगितलं?"

बाई त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तो पोरगा आत बसून तुमचं नाव घेतोय. दाजींना विचारा म्हणतोय. आणि थंड पाणी कुठे आहे हे ठाऊक होतं ना तुम्हाला? मग तिथे पोवळी न्यायची होती. तुम्ही तापमापक नेलंत. लाज वाटायला हवी होती."

हॉटेलवाला उठला. हवालदाराने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

ताई पुढे आली. लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. "आज दुपारी त्याला धरून नेल्यावर तू माझ्यासमोर बसून जेवलास," ती म्हणाली. "मी रडत होते, आणि तू भात मागून घेतलास."

 बाईंनी किल्ल्या हवालदाराकडे दिल्या.

थोड्या वेळाने धाकटा बाहेर आला. डोळे चोळत त्याने ताईला बघितलं, मग तिच्या मागे, मग दाराकडे.

"दाजी नाही आले न्यायला?"

ताईने त्याचा हात धरला. "आलेत," ती म्हणाली. "तुझ्या जागेवर बसलेत. चल घरी."